गळक्या पातेलीतला तरवड

मद्रासजवळच्या आवडीला आमचं क्वार्टर अगदी शेवटच्या ओळीत होतं. पुढच्या दाराला रस्ता, कारखान्याचा भोंगा आणि दर थोड्या वेळाने लांबून येणारा गाडीचा खडखडाट; मागच्या दाराला मात्र सरळ रान. रान म्हणजे काही घनदाट जंगल नव्हे. माणसाच्या डोक्याइतकी उंच झुडपं, त्यात करवंदीच्या जाळ्या, काटेरी बोरी, मधूनच एखादी खिरणी, आणि खाली लाल, खडे असलेली जमीन. बाबा कारखान्यात चार्जमन, म्हणजे एका विभागातल्या कामगारांचे मुकादम होते. त्यांची बदली झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि आईला तमिळमधला एक शब्दही येत नव्हता. ती पहिला शब्द शिकली तो ‘कंबु’. कंबु म्हणजे बाजरी. दुकानदाराला वाटे हिच्याकडे कोंबड्या असणार, कारण त्या गल्लीत बाजरी माणसं खातात हे त्याला पटत नसे. आई पहिले आठ दिवस रडली. नवव्या दिवशी तिने स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडली आणि तिथूनच मला हाक मारली. खिडकीसमोर पिवळ्याधमक फुलांचं एक झुडूप होतं. ‘अगं, हा तरवड आहे,’ ती म्हणाली, आणि मग पुन्हा रडली, पण हे रडणं वेगळं होतं.

आमच्याकडे देशावर नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ लागते. रोज एक, नऊ दिवस नऊ. मद्रासला गेल्यावर घट बसवायचा कसा, माळ कुठून आणायची, ही काळजी आईने गाडीत बसल्यापासून केली होती. आणि इथे माळरानभर तरवड. दूध घालायला येणारी बाई त्याला आवारम म्हणायची आणि फुलं वाळवून, कुटून पोरींच्या तोंडाला लावायची. आईने पुढची सहा वर्षं त्याच रानातल्या फुलांच्या माळा केल्या. पहाटे मी परकर वर खोचून फुलं तोडायला जाई आणि आई दारात उभी राहून, पाय बघून टाक, साप असतात, असं सांगत राही. साप मला कधी दिसला नाही. दिसायचे ते तित्तर, तेही उडून गेल्यावर.

आता या रानात राव सरांना आणायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. ते आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. तंजावरकडचे मराठी, कैक पिढ्या तिकडेच गेलेल्या. घरी मराठी बोलत, पण ते मराठी ऐकताना आई पदर तोंडाला लावून हसे. आपल्या पणजोबांच्या पत्रातलं मराठी कुणीतरी तमिळच्या चालीवर म्हणतंय, असं तिला वाटे. त्यांना आमचं मराठी तितकंच विचित्र वाटत असणार, पण ते कधी हसले नाहीत. वर्गात मराठी समजणारी मी एकटीच, म्हणून त्यांनी मला आपली मानलं होतं. रविवारी ते काठी घेऊन त्या रानात हिंडत आणि मला बरोबर नेत. कुठलं झुडूप केव्हा फुललं, कुठल्या शेंगेला कीड लागली, हे ते एका जुन्या डायरीत लिहीत. त्या रानाला रान म्हणणारे तेच. बाकी सगळ्यांच्या लेखी ती रिकामी जागा होती.

होळी तिकडे कुणी पेटवत नाही. आमच्या वसाहतीत मात्र बारा मराठी घरं होती आणि बाबांनी रीतसर अर्ज देऊन, सही करून परवानगी काढली होती. पहिल्या वर्षी आम्ही तोंडावर हात मारून बोंबा मारल्या तेव्हा शेजारचे गृहस्थ बादली घेऊन धावत आले होते. कुणाचं तरी घर पेटलं असं त्यांना वाटलं. पुढे तेही नारळ घेऊन येऊ लागले. बाबांची होळी म्हणजे कारखान्यातलं काम होतं. आधी खड्डा, भोवतालचं गवत चार-चार हात खरवडून काढलेलं, पाण्याच्या बादल्या ओळीने मांडलेल्या. नैवेद्य झाला, नारळ काढून वाटले, की प्रत्येक घरातल्या एकाने निखारा घरी न्यायचा. दुसऱ्या दिवशीचं आंघोळीचं पाणी त्या निखाऱ्यावर तापवायचं, ही आमच्याकडची रीत. निखारे गेले की बाबा बादल्या ओतत, राख काठीने उकरत, पुन्हा ओतत आणि शेवटी हात घालून पाहत. तोवर बाकीचे पुरणपोळ्या जेवून सुस्त झालेले असत.

त्या वर्षी मी पंधरा वर्षांची होते. निखाऱ्यासाठी आईने दरवर्षीप्रमाणे गळकी पातेली दिली होती. पितळेची, लग्नात तिच्या मामांनी दिलेली, आणि काठावर नाव घातलेली: चि. सौ. कां. इंदू हिस मामांकडून. बुडाला भोक पडलं होतं, पण मामांचं नाव असलेलं भांडं मोडीत द्यायचं नाही म्हणून ती निखाऱ्यापुरती उरली होती. बुडात राख घालून, वर निखारे ठेवून, दोन फडक्यांनी धरून मी निघाले. रस्त्याने जायचं तर सगळ्या ओळींना वळसा. रानातून पायवाट सरळ आमच्या मागच्या दाराशी. दिवेलागण झाली होती, वाट पायाखालची होती, आणि आई पोळ्या गरम वाढते म्हणाली होती. मी रानातून गेले.

करवंदीने परकर धरला. मी झटका दिला आणि पातेली हातातून गेली. निखारे पालापाचोळ्यावर विखुरले. मी चपलेने एकेक तुडवला, माती लोटली, सगळं काळं झालेलं पाहिलं. फडकी काट्यांत अडकली होती आणि पातेली इतकी तापली होती की नुसत्या हाताने उचलवेना. सकाळी येऊन नेऊ, असं मी ठरवलं आणि घरी जाऊन सांगितलं की निखारे वाटेतच विझले, पातेली तिकडेच राहिली; रानातून आले हे मात्र सांगितलं नाही. आई म्हणाली, असू दे, पोळी खा. मी तीन पोळ्या खाल्ल्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे. माझ्या मनात कसलीही शंका नव्हती, आणि ती असायला हवी होती.

सकाळी वारा सुटला आणि मागच्या खिडकीतून धूर आला. बाबा दाढी करत होते, अर्ध्या तोंडाला साबण, तसेच धावले. कारखान्याचा बंब आला तोवर रानाचा मोठा तुकडा गेला होता. तरवडाच्या शेंगा तडतडत होत्या, तो आवाज मला अजून ऐकू येतो. कुणाला लागलं नाही, कुणाचं घर जळलं नाही. दुपारी कारखान्याच्या साहेबांनी बाबांना बोलावलं. परवानगीच्या अर्जावर सही त्यांची. रात्रभर होळी धुमसली आणि तिने रान पेटवलं, हे इतकं उघड होतं की कुणी दुसरं काही विचारलंच नाही. बाबांच्या फाईलवर शेरा आला आणि होळीची परवानगी कायमची गेली. बारा घरांतले जे लोक आदल्या दिवशी पोळ्या खाऊन पडले होते, तेच आता म्हणू लागले की चार बादल्या जास्त ओतल्या असत्या तर काय बिघडलं असतं.

बाबा काहीच म्हणाले नाहीत. तेच वाईट झालं. त्यांनी भांडायला हवं होतं, मी हात घालून पाहिला होता असं ओरडायला हवं होतं. पण ते स्वतःशीच विचार करत बसले की आपण खरंच हात घातला होता की ते गेल्या वर्षीचं आठवतंय. त्यानंतर रोज जेवणं झाली की ते स्टोव्हला हात लावून पाहू लागले. एकदा पाहून अंथरुणावर येत, पुन्हा उठत, पुन्हा पाहत. तिसऱ्यांदा दाराची कडी पाहायच्या निमित्ताने जात. कारखान्यातही एकदा बंद केलेलं यंत्र पाहायला ते फाटकातून परत गेले, असं त्यांच्या मित्राने हसत सांगितलं. आई हसली नाही. मी सगळं पाहत होते आणि गप्प होते. पहिल्या दिवशी भीतीने, नंतर एवढे दिवस गप्प राहिले म्हणून. पातेली शोधायला मी दोनदा गेले, ती मिळाली नाही. जळून वितळली असेल, असं मी मनाची समजूत घालत होते. पितळ एवढ्याशा जाळाने वितळत नाही, हे चार्जमनच्या मुलीला ठाऊक असूनसुद्धा.

राव सर पुढच्या रविवारी नेहमीसारखेच काठी घेऊन आले आणि मला म्हणाले, ये, आतां तर पाहायचें आहे. मला जायचं नव्हतं, पण नाही म्हणायला कारण काय सांगणार? सगळं काळं होतं. पाय टाकला की राख उडे. मोठी खिरणी आतून पोखरल्यासारखी जळाली होती. सरांनी तिच्या बुंध्यावर हात ठेवला आणि ही येणार नाहीं, एवढंच म्हणाले. मग तीन-चार रविवारांतच, पावसाचा थेंब नसताना, करवंदीच्या जळक्या खुंटांजवळून लालसर कोंब वर आले. वरचं जळालं तरी मुळं खाली शाबूत होती, आणि मुळांनी जणू काही झालंच नाही असं काम सुरू केलं. बोरीचंही तेच. तरवडाच्या जागी मात्र जाळ फार झाला होता. दोन-चार खुंटांना पालवी आली, बाकीचे गेले. आईच्या खिडकीसमोरचा तर पार गेला.

सर म्हणाले, त्याचें बीं मातींत आहे, तें पाहूं. तरवडाचं बी मी शेंगेत पाहिलं होतं, चपटं, तपकिरी, गुळगुळीत. त्यांनी समजावलं की त्याची साल इतकी घट्ट असते की पाणी आत शिरत नाही. पाऊस येतो, जातो, बी तसंच पडून राहतं, वर्षानुवर्षं. उष्णतेने सालीला चीर गेली तर पुढच्या पावसात पाणी आत जाणार आणि ते रुजणार. मी घरी येऊन डब्यात साठवलेल्या बिया कढईत खमंग भाजल्या आणि कुंडीत पेरल्या. अर्थातच काही उगवलं नाही. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, भाजलेल्याला कोंब कसा येईल गं, मुगात कुचर निघतात ना, रात्रभर भिजवले तरी दगडच, त्यांच्यावर मी कढत पाणी ओतते आणि झाकून ठेवते. तसंच केलं. दहाव्या दिवशी कुंडीत हिरवं दिसलं. सरांना सांगितलं तर त्यांनी डायरीत आईचं नाव लिहून घेतलं आणि खाली कुचर हा शब्द. त्यांच्याकडे तशा मुगाला दुसरंच काही म्हणत.

ऑगस्टमध्ये विजांचे दोन-चार पाऊस झाले आणि जळलेल्या भागात तरवडाची रोपं उगवली. एवढी, की पाय कुठे ठेवायचा कळेना. शेजारी न जळालेल्या झुडपांखाली शोधून एखादं. सरांनी मला बोटाने माती उकरून दाखवलं. अगदी वर पडलेलं बी कोळसा झालं होतं. खूप खोलचं तसंच निवांत पडलेलं. बोटाच्या दोन पेरांइतकं खाली जे होतं, त्यालाच नेमकी धग लागली होती. मला त्या रोपांनी फार आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर आनंदापेक्षा सुटकाच वाटली. मी म्हणाले, म्हणजे सर, आग लागली ते बरंच झालं. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. त्यांनी बोटांची माती झटकली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘एक वेळ सोसतें गे. दर वर्षीं लागली तर बीं धरायच्या आंतच जळेल, मग काय उरतें? आणि खिरणीला जाऊन पूस, बरें झालें कां तें.’

हल्ली मी मद्रासमध्येच, वेलचेरीला मुलाकडे राहते. तिसरा मजला, पुराच्या पाण्याच्या भीतीने मुद्दाम घेतलेला. मार्च-एप्रिलमध्ये मोकळ्या प्लॉटमधलं गवत कुणीतरी पेटवतं आणि सून भराभर खिडक्या लावते. मी एक उघडी ठेवते. तिला वाटतं मला स्वतःच्या दम्याची फिकीर नाही. मला फक्त पाहायचं असतं की पेटवणारा माणूस विझेपर्यंत तिथे उभा राहतो का. बहुतेक वेळा राहत नाही.

त्या वर्षीचं नवरात्र आलं. वीतभर रोपांना फुलं कुठून असणार? आईने बाजारातली शेवंती आणली, माळ केली, घटावर बांधली आणि हात जोडून देवीला म्हणाली, यंदा एवढं गोड मानून घे. बाबा तिच्यामागे उभे होते. ते म्हणाले, माझ्यामुळे. आई म्हणाली, काहीतरीच काय बोलता. पण तो नकार नव्हता, तिच्या दृष्टीने ते खरंच होतं, आणि तिने त्यांना मनापासून माफ केलं होतं. ज्या गोष्टीची माफी तो माणूस मागत होता ती त्याने केलीच नव्हती. मी घटाभोवतीच्या मातीत पाणी शिंपडत होते. मी शिंपडतच राहिले, पाणी ताटाबाहेर जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने मला राव सरांच्या बायकोला हळदीकुंकवाचं बोलावणं करायला पाठवलं. त्यांच्याकडे नवरात्रात कोलू मांडत, म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांवर बाहुल्या, देव, मातीची माणसं, आणि सगळ्यांत खालच्या पायरीशी छोटीशी बाग. परातीत मोहरी पेरून हिरवळ, आरशाच्या तुकड्याचं तळं. काकूंनी मला हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली कोरडी उसळ दिली आणि आत गेल्या. मी बाग पाहायला वाकले. तळ्याशेजारी पितळेची एक भोकाची पातेली होती, काळवंडलेली, पण काठ घासून स्वच्छ केलेला. तिच्यात तरवडाची पाच-सहा रोपं होती. काठावरचं नाव मी वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती.

सर मागे उभे होते. त्यांनी सांगितलं, पातेली त्यांना आग विझली त्या संध्याकाळीच सापडली होती, पायवाटेजवळ, करवंदीच्या जाळीत. आग तिथूनच सुरू झाली हेही त्यांना तेव्हाच दिसलं, कारण होळीच्या खड्ड्यापासून वाटेपर्यंतचं गवत जळालंच नव्हतं. पाहणाऱ्यांपैकी कुणी तिकडे पाहिलं नाही. ‘तूं आपण सांगशील म्हणून मी थांबलों,’ ते म्हणाले. ‘लेकरूं आहेस. दटावून काय घ्यायचें?’

मी म्हणाले, ‘बाबा रोज तीन वेळा स्टोव्ह बघतात, सर.’

त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांची आणि बाबांची ओळख नमस्कारापुरती. साहेबांकडचं प्रकरण मिटलं, एवढंच त्यांच्या कानावर होतं. मी रडत-रडत सगळं सांगितलं, कारखान्याच्या फाटकातून बाबा परत गेले तेसुद्धा. सर खालच्या पायरीशी बसले. पातेलीकडे पाहत म्हणाले, ‘मग माझेंही चुकलें. थांबायला नको होतें.’ मोठ्या माणसाने माझ्यासमोर स्वतःची चूक कबूल केलेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. सरांचा मला पुढेही अधूनमधून राग यायचा, सात महिने ते पातेली घेऊन बसले म्हणून. पण मीही तेवढेच महिने बसले होते, आणि बाबा माझे होते. त्यांनी पातेली उचलून माझ्या हातात दिली आणि विचारलं, मी येऊं कां बरोबर? मी नको म्हणाले. ‘सेरी, बरें,’ ते म्हणाले. ‘पण रस्त्यानें जा.’

मी रस्त्याने गेले, सगळ्या ओळींना वळसा घालून. बाबा कारखान्यातून नुकतेच आले होते, बशीत चहा ओतत होते. मी पातेली त्यांच्यासमोर ठेवली आणि जे झालं ते सांगितलं: पायवाट, करवंदी, चपलेने तुडवलेले निखारे, तीन पोळ्या. आई आतून येऊन दारात उभी राहिली. बाबांनी पातेली फिरवून काठावरचं नाव वाचलं. एक रोप बोटाने सरळ केलं. मी थोबाडीत बसायची वाट पाहत होते आणि ती बसावी असं मला वाटत होतं.

बाबा म्हणाले, ‘म्हणजे होळी विझली होती?’

‘हो.’

‘मी हात घातला होता,’ ते म्हणाले. मला नाही, आईला. ‘इंदू, मला आठवत होतं तसंच होतं. मी हात घालून पाहिलं होतं.’ आणि मग बाबा रडले. बशीतला चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन साहेबांकडे गेले. माझ्याकडून सगळं वदवून घेतलं आणि होळीची परवानगी मात्र पुन्हा मागितली नाही. होळी पुन्हा कधी झाली नाही. पातेलीतला तरवड खिडकीसमोर लावला. तिसऱ्या नवरात्रात आईने त्याची माळ केली, पाच फुलांची, बाकी शेवंती. बाबा मला रागावले ते खूप दिवसांनी, आणि तेही भलत्याच कारणावरून, चप्पल दारात आडवी टाकली म्हणून. इतके रागावले की शेजारच्यांना ऐकू गेलं. आई पोळ्या लाटत होती, ती मान वर न करता म्हणाली, झालं आता, निघालं सगळं.

पण त्या नवरात्रातल्या संध्याकाळी असलं काही झालं नाही. जेवणं झाली. आईने ओटा पुसला, घटाजवळच्या नंदादीपात तेल घातलं. बाबा हात धुऊन आले आणि स्टोव्हकडे न पाहता सरळ जाऊन अंथरुणावर पडले. मी वाट पाहिली. ते उठले नाहीत. मग मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि स्टोव्हला हात लावून पाहिला. तो थंड होता. आज इतक्या वर्षांनी, सुनेच्या गॅसच्या शेगडीलाही मी रोज तसाच हात लावून पाहते.